१४ एप्रिल आणि अमेरिकेचा इतिहास: मुलांना काय सांगावं, काय गाळावं

शिकागोजवळच्या एका मराठी शाळेत रविवारचा वर्ग घेणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. बाबासाहेबांच्या जयंतीचा कार्यक्रम करायचा आहे, मुलं दहा ते चौदा वर्षांची आणि अमेरिकेतच वाढलेली. ‘१४ एप्रिल या तारखेला अमेरिकेच्या इतिहासात काय काय घडलं, कोण जन्मलं, याची यादी मिळेल का? वीस मिनिटं हाताशी आहेत. जयंतीशी त्याचा काही संबंध लावता येईल, की दोन वेगळे भाग करावेत?’

ताई, यादी देते, पण ती वाचून दाखवू नका. दिनविशेषाचं सदर मी बरीच वर्षं लिहिते आहे, शाळांसाठी इतिहासाचे पाठही तयार करते. वीस नोंदी सलग वाचल्या की मुलांच्या लक्षात एकही राहत नाही, हा माझा कायमचा अनुभव आहे. १४ एप्रिलच्या बाबतीत तर यादी वाचली तर हातची संधीच जाईल. या तारखेला अमेरिकेच्या इतिहासात एक धागा ठळक दिसतो: गुलामगिरीचा आणि ती मोडून काढण्याच्या लढ्याचा. १७७५, १८६१, १८६५ आणि १८७६ या चार वर्षी तो नेमका याच तारखेला वर आला आहे. पुढे तोच धागा जोतीराव फुल्यांमार्फत बाबासाहेबांपर्यंत येतो, आणि त्याला कागदोपत्री आधार आहे. तेव्हा दोन भाग करायचं कारण नाही.

कालक्रमाच्या मागे लागू नका. एका झेंड्यापासून सुरुवात करा.

दक्षिण कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्स्टन बंदराच्या तोंडाशी सम्टर नावाचा किल्ला आहे. गुलामगिरी टिकवण्यासाठी डिसेंबर १८६० मध्ये हे राज्य संघराज्यातून फुटलं, तेव्हा तिथल्या संघराज्याच्या छोट्या तुकडीचा प्रमुख होता मेजर रॉबर्ट अँडरसन. तो केंटकीचा, गुलाम बाळगणाऱ्या घरातला, पण शपथेला जागणारा. त्याने आपली माणसं सम्टरमध्ये हलवली आणि शिधा संपत आला तरी किल्ला सोडला नाही. १२ एप्रिल १८६१ च्या पहाटे साडेचारला फुटीर राज्यांच्या तोफा सुरू झाल्या. समोरच्या बाजूचा सेनापती बोरेगार्ड हा लष्करी शाळेत याच अँडरसनचा तोफखान्याचा विद्यार्थी होता. सुमारे चौतीस तासांच्या माऱ्यानंतर १३ तारखेला अँडरसनने शरणागती मान्य केली. या माऱ्यात दोन्ही बाजूंचा एकही सैनिक मेला नाही.

१४ तारखेला किल्ला रिकामा करायचा होता. झेंडा उतरवण्याआधी त्याला शंभर तोफांची सलामी देण्याची परवानगी अँडरसनला मिळाली होती. सलामी चालू असताना दारूचा स्फोट झाला आणि डॅनियल हाऊ हा आयर्लंडहून आलेला सैनिक ठार झाला. पन्नासावर सलामी थांबवावी लागली. पुढच्या चार वर्षांत सहा लाखांहून अधिक सैनिकांचा बळी घेणाऱ्या यादवी युद्धातला हा पहिला मृत्यू. अँडरसनने तो फाटलेला, तेहतीस ताऱ्यांचा झेंडा घडी करून बरोबर नेला.

इथे थांबून मुलांना विचारा, पुढे त्या झेंड्याचं काय झालं असेल? उत्तर बरोबर चार वर्षांनी मिळतं.

९ एप्रिल १८६५ ला फुटीर राज्यांचा सेनापती जनरल ली याने संघराज्याचा सेनापती ग्रँट याच्यापुढे शस्त्रं ठेवली. चार्ल्स्टन फेब्रुवारीतच पडलं होतं. युद्धखात्याने ठरवलं की जो झेंडा ज्या तारखेला उतरला, तोच झेंडा त्याच तारखेला, त्याच माणसाच्या हातून पुन्हा चढवायचा. अँडरसन आता निवृत्त आणि आजारी होता, तरी तो आला. १४ एप्रिल १८६५ ला दुपारी मोडक्यातोडक्या सम्टरवर तो जुना झेंडा वर गेला. समारंभाला विल्यम लॉईड गॅरिसन हजर होता. गुलामगिरीविरुद्ध तीस-पस्तीस वर्षं लिहिल्याबद्दल ज्याच्या डोक्यावर दक्षिणेत इनाम लावलं होतं, तो माणूस त्या दिवशी चार्ल्स्टनच्या बंदरात उजळ माथ्याने उभा होता.

मुलांनी लक्षात ठेवावा असा माणूस मात्र मला दुसराच वाटतो. पाहुण्यांना घेऊन आलेल्या बोटींमध्ये ‘प्लँटर’ नावाची एक आगबोट होती, गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांनी खच्चून भरलेली. तिचा कप्तान रॉबर्ट स्मॉल्स. हा जन्माने गुलाम. मे १८६२ मध्ये गोरे अधिकारी किनाऱ्यावर गेलेले असताना त्याने तेव्हा फुटीर सैन्याच्या ताब्यातली हीच बोट पहाटेच्या अंधारात पळवली, कप्तानाची टोपी डोक्यावर ठेवून, ठरलेल्या खुणेच्या शिट्ट्या देत, तोफा रोखलेल्या किल्ल्यांसमोरून बाहेर काढली आणि आपल्या बायकामुलांसकट सोळा जणांना स्वतंत्र केलं. त्या वेळी त्याला चकवावा लागलेला शेवटचा किल्ला सम्टरच होता. आता त्याच किल्ल्याशी तो बोट घेऊन आला होता. पुढे तो अमेरिकेच्या संसदेत निवडून गेला. प्लँटरवर डेन्मार्क व्हीजी याचा मुलगाही होता. गुलामांच्या उठावाचा कट केल्याच्या आरोपावरून १८२२ मध्ये चार्ल्स्टनमध्येच बापाला फाशी दिली होती.

हे सगळं १४ एप्रिलच्या दुपारचं. त्याच रात्री वॉशिंग्टनमध्ये अध्यक्ष लिंकनवर गोळी झाडली गेली.

लिंकनच्या खुनाची गोष्ट मुलांनी शाळेत ऐकलेली असणार, म्हणून ती सगळी सांगण्यात वेळ घालवू नका. त्यांनी बहुधा न ऐकलेलं तेवढं सांगा. तो दिवस गुड फ्रायडेचा होता. सकाळी लिंकनने मुलगा रॉबर्टबरोबर न्याहारी केली, मग मंत्रिमंडळाची बैठक झाली, तिला ग्रँटही होता. रात्री नाटकाला येण्याचं निमंत्रण ग्रँटला होतं, पण तो मुलांना भेटायला निघून गेला. फोर्ड थिएटरमध्ये विनोदी नाटक चालू होतं. मारेकरी जॉन विल्क्स बूथ हा नट होता, त्याला नाटकातल्या जागा ठाऊक होत्या. प्रेक्षक मोठ्याने हसतील अशा वाक्याची वाट पाहून त्याने सव्वादहाच्या सुमारास गोळी झाडली. त्याच रात्री परराष्ट्रमंत्री सूअर्ड याच्यावर त्याच्या घरात सुरीहल्ला झाला, तो वाचला. उपाध्यक्ष जॉन्सनला मारायची कामगिरी ज्याच्यावर होती, त्याचा ऐनवेळी धीर सुटला. म्हणजे बेत एका माणसाला मारण्याचा नव्हता, सरकारच उलथवण्याचा होता.

आणि बूथने हे का केलं? तो दक्षिणेचा कडवा पक्षपाती होता, आधी लिंकनला पळवून नेण्याचे बेत करत होता. ११ एप्रिलला लिंकनने अध्यक्षीय निवासाच्या खिडकीतून भाषण केलं आणि निदान काही कृष्णवर्णीयांना, विशेषतः सैनिक म्हणून लढलेल्यांना, मतदानाचा हक्क असावा असं जाहीरपणे म्हटलं. बूथ त्या गर्दीत होता. हे लिंकनचं शेवटचं भाषण ठरेल, असं तो तिथेच सोबत्याला म्हणाला. तीन दिवसांनी त्याने ते खरं केलं. हा दुवा मुलांना आवर्जून सांगा. नाहीतर लिंकनचा खून म्हणजे एका माथेफिरूचं कृत्य एवढंच मनात राहतं आणि मताच्या हक्काचा प्रश्न नजरेआड होतो. जयंतीच्या दिवशी तर तो नजरेआड होता कामा नये. मताधिकाराच्या चौकशीसाठी ब्रिटिश सरकारने नेमलेल्या साउथबरो समितीपुढे १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडताना बाबासाहेब याच प्रश्नावर बोलत होते.

आता १८७६. माझ्या मते १४ एप्रिलची ही सगळ्यात विचार करायला लावणारी नोंद आहे आणि नेहमीच्या याद्यांमध्ये ती क्वचितच सापडते. लिंकन गेल्याची बातमी ऐकून शार्लट स्कॉट नावाच्या, पूर्वी गुलाम असलेल्या बाईने आपल्या कमाईतले पाच डॉलर त्याच्या स्मारकासाठी दिले. तिथून वर्गणी सुरू झाली, आणि पुतळ्याचा पैसा मुक्त झालेल्या गुलामांनीच उभा केला, त्यांत कृष्णवर्णीय सैनिक मोठ्या संख्येने होते. पुतळा कसा असावा हे मात्र त्यांना कोणी विचारलं नाही. तो निर्णय गोऱ्या मंडळींच्या संस्थेने घेतला. लिंकन ताठ उभा आहे, हात पुढे केलेला, आणि त्याच्या पायाशी साखळी तुटलेला एक कृष्णवर्णीय पुरुष गुडघ्यावर टेकलेला आहे.

१४ एप्रिल १८७६ ला वॉशिंग्टनच्या लिंकन पार्कमध्ये या पुतळ्याचं अनावरण झालं. अध्यक्ष ग्रँट, मंत्री, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश समोर बसलेले, आणि मुख्य वक्ता फ्रेडरिक डग्लस, स्वतः गुलामगिरीतून पळून स्वतंत्र झालेला. अशा प्रसंगी वक्ता स्तुतिसुमनं उधळणार अशी अपेक्षा असते. डग्लसने लिंकनचे उपकार मानले, पण खरं तेही बोलला. लिंकन हा मुख्यतः गोऱ्यांचा अध्यक्ष होता, आम्ही फार तर त्याची सावत्र मुलं, असं त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. पुढे तो म्हणाला की गुलामगिरीच्या कट्टर विरोधकांच्या जागेवरून पाहिलं तर लिंकन ढिम्म आणि थंड वाटतो, पण त्याच्या देशाची त्या वेळची मनोवृत्ती पाहता तोच माणूस वेगवान आणि निश्चयी ठरतो. एका माणसाचं दोन्ही अंगांनी इतकं प्रामाणिक मोजमाप मी फार कमी भाषणांत वाचलं आहे. पाचच दिवसांनी त्याने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं की आपल्या माणसाला गुडघ्यावर टेकलेला दाखवणारा नव्हे, दोन पायांवर ताठ उभा दाखवणारा पुतळा मरणापूर्वी पाहायची इच्छा आहे. हे पत्र विस्मरणात गेलं होतं, २०२० मध्ये ते पुन्हा उजेडात आलं. त्याच वर्षी या पुतळ्याची बॉस्टनमधली प्रतिकृती हटवण्यात आली. वॉशिंग्टनमधला मूळ पुतळा उभा आहे. त्याच बागेत १९७४ मध्ये मेरी मॅक्लाउड बेथ्यून या कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बाईंचा पुतळा बसवला, तेव्हा लिंकनच्या पुतळ्याचं तोंड त्यांच्याकडे वळवण्यात आलं.

तुमच्या वर्गातली चौदा वर्षांची मुलं यावर बोलतील. त्यांना दोन्ही पुतळ्यांची छायाचित्रं दाखवा आणि बोलू द्या. बाबासाहेबांचा पुतळा आपण कसा पाहतो, हेही विचारा: उभा, अंगात कोट, एका हातात संविधान आणि दुसऱ्या हाताचं बोट पुढे. त्या पुतळ्यात ते कुणाच्या पायाशी नाहीत, आणि कुणी त्यांच्या पायाशी नाही.

राहिलं १७७५. हे थोडक्यात होईल. १४ एप्रिल १७७५ ला फिलाडेल्फियातल्या एका खाणावळीत अँथनी बेनेझेट वगैरे मंडळी जमली. बहुतेक जण क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते. बेकायदा गुलामीत अडकवलेल्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांना सोडवण्यासाठी त्यांनी संस्था काढली. अमेरिकेतली या कामाची ही पहिली संस्था. पाच दिवसांनी लेक्सिंग्टनला इंग्रजांविरुद्धची पहिली गोळी सुटली आणि स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत संस्था थंडावली. १७८४ मध्ये ती पुन्हा उभी राहिली, पुढे बेंजामिन फ्रँकलिन तिचा अध्यक्ष झाला, आणि गुलामगिरी बंद करण्याची मागणी करणारा तिचा अर्ज १७९० मध्ये संसदेपुढे गेला. त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच फ्रँकलिन वारला. याच्याच शेजारी १४ एप्रिल १७८९ ची नोंद ठेवता येईल. त्या दिवशी संसदेचा सचिव चार्ल्स थॉमसन जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन या मळ्यावर पोचला आणि त्याला कळवलं की देशाने तुम्हाला पहिला अध्यक्ष निवडलं आहे. वॉशिंग्टनजवळ तेव्हा रोकड इतकी कमी होती की न्यूयॉर्कला जाण्यासाठी त्याने उसने पैसे घेतले. ज्या मळ्यावर हा निरोप आला, तिथे शेकडो माणसं गुलामगिरीत राबत होती. दोन्ही गोष्टी एका दमात सांगा, त्या एकाच जागेच्या आहेत.

आता आपल्याकडचा दुवा. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, कारण त्यांनी तिथल्या गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी निरपेक्षपणे झीज सोसली. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, ही आशाही अर्पणपत्रिकेत आहे. सम्टरवर झेंडा परत चढल्याला तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती. पुण्यात बसून एक माणूस चार्ल्स्टन आणि वॉशिंग्टनमधल्या घडामोडी आपल्या लढ्याशी जोडत होता.

बाबासाहेब १४ एप्रिल १८९१ ला महूला जन्मले. फुल्यांना त्यांनी पुढे आपल्या तीन गुरूंपैकी एक मानलं, बुद्ध आणि कबीर हे दुसरे दोन. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले. हे विद्यापीठ हार्लेम या वस्तीला लागून आहे, आणि दक्षिणेतून आलेली कृष्णवर्णीय कुटुंबं त्याच वर्षांत हार्लेममध्ये घर करत होती. कोलंबियात सेलिग्मन आणि जॉन ड्यूई हे त्यांचे शिक्षक. मे १९१६ मध्ये भारतातल्या जातींवरचा आपला पहिला महत्त्वाचा निबंध त्यांनी तिथल्याच एका चर्चावर्गात वाचला. पुढे जुलै १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत विल्यम ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. आपण निग्रो प्रश्नाचे विद्यार्थी आहोत, अस्पृश्यांची स्थिती आणि अमेरिकेतल्या निग्रोंची स्थिती यांत इतकं साम्य आहे की त्या प्रश्नाचा अभ्यास स्वाभाविकच नाही तर आवश्यक आहे, असं त्यात म्हटलं होतं. संयुक्त राष्ट्रसंघाकडे तिथल्या कृष्णवर्णीयांनी केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागवल्या होत्या, आणि ड्यू बॉइस यांनी सहानुभूतीचं उत्तर पाठवलं. ही पत्रं मुलांना दाखवा. अमेरिकेत वाढणाऱ्या मुलांना ड्यू बॉइस हे नाव शाळेत भेटतंच, आणि ‘आपले’ बाबासाहेब त्यांना पत्र लिहीत होते हे कळलं की त्यांचे डोळे चमकतात.

इतकं झालं की बारा-तेरा मिनिटं गेली असं समजा. उरलेल्या नोंदींकडे वळण्याआधी एक सावधगिरी. तारखेबरोबर तास पाहिल्याशिवाय दिनविशेष लिहू नये. १४ एप्रिलला तर हे पावलोपावली जाणवतं. लिंकनला गोळी १४ ला लागली, तो गेला १५ च्या सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी. टायटॅनिक हिमनगावर आदळलं १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी, बुडालं १५ ला पहाटे २ वाजून २० मिनिटांनी. ‘१४ एप्रिलला टायटॅनिक बुडालं’ असं वाक्य जिथे दिसेल तिथे पुढचं काहीही वापरण्याआधी तपासा. १९७० मध्ये अपोलो-१३ यानातली प्राणवायूची टाकी फुटली, तेव्हा ह्यूस्टनमध्ये १३ तारखेची रात्र होती आणि भारतात १४ ची सकाळ, ८ वाजून ३८ मिनिटं. दोन्ही तारखा खऱ्या आहेत, फक्त कुठल्या घड्याळाने ते सांगावं लागतं. १९८६ मध्ये अमेरिकेने लीबियावर केलेला हवाई हल्ला वॉशिंग्टनमध्ये १४ च्या संध्याकाळी आणि त्रिपोलीत १५ च्या पहाटे झाला. आजी-आजोबांशी दुसऱ्या टोकाच्या वेळेला बोलणाऱ्या तुमच्या मुलांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

एक लोकप्रिय गोष्ट मात्र पूर्ण गाळा. लिंकनने खुनाच्याच दिवशी अध्यक्षांचं रक्षण करणाऱ्या गुप्तसेवेच्या स्थापनेवर सही केली, असं सर्रास सांगितलं जातं. ती संस्था जुलै १८६५ मध्ये अर्थखात्यात निघाली आणि तिचं काम खोट्या नोटा छापणाऱ्यांना पकडणं हे होतं. अध्यक्षाच्या संरक्षणाची जबाबदारी तिच्याकडे आली ती १९०१ मध्ये अध्यक्ष मॅकिन्लीचा खून झाल्यानंतर. गोष्ट चटकदार आहे म्हणूनच ती पसरते, आणि मुलं अशाच गोष्टी घरी जाऊन सांगतात.

धाग्याबाहेरच्या नोंदींमध्ये मी एकच निवडेन: १४ एप्रिल १९३५, ‘काळा रविवार’. पहिल्या महायुद्धात गव्हाचा भाव चढला तेव्हा कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सासच्या माळरानांवरचं हजारो वर्षांचं गवत नांगरून काढलं गेलं. युद्धानंतर भाव कोसळले तसं शेतकऱ्यांनी आणखी नांगरलं. मग १९३० च्या दशकात पाऊस रुसला, आणि मुळांनी धरून ठेवलेली माती मोकळी सुटली. त्या रविवारी दुपारी उत्तरेकडून शेकडो फूट उंचीची काळी भिंत आली आणि भर दिवसा स्वतःचा हात दिसेना. जगबुडी आली असं समजून लोकांनी प्रार्थना सुरू केल्या. दोनच आठवड्यांत, २७ एप्रिलला, मृदसंधारणाचा राष्ट्रीय कायदा झाला. घरंदारं सोडून पश्चिमेला निघालेल्या अशाच शेतकऱ्यांवरची जॉन स्टाइनबेकची ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ ही कादंबरी चार वर्षांनी, १९३९ मध्ये, १४ एप्रिललाच प्रसिद्ध झाली. आणि कीटकनाशकांच्या बेसुमार फवारणीविरुद्ध आवाज उठवणाऱ्या रेचल कार्सन १४ एप्रिल १९६४ ला वारल्या. मराठवाड्यातली किंवा माणदेशातली माणसं तुमच्या पालकांत असतील तर दुष्काळाचं आणि मातीचं नातं त्यांनाच मुलांना सांगू द्या.

बाकीच्या नोंदी फळ्यावर लिहून ठेवायला पुरतील. १८२८ मध्ये नोआ वेब्स्टरने आपल्या सत्तर हजार शब्दांच्या इंग्रजी कोशाचा स्वामित्वहक्क नोंदवला. १८९४ मध्ये एडिसनच्या यंत्रात डोकावून हलती चित्रं पाहण्याचं पहिलं दुकान न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर उघडलं. १९१० मध्ये अध्यक्ष टाफ्ट याने बेसबॉलच्या हंगामाचा पहिला चेंडू फेकला आणि ती प्रथाच पडली. १९५६ मध्ये शिकागोत, म्हणजे तुमच्याच गावात, अँपेक्स कंपनीने व्हिडिओ टेपचं व्यवहारात वापरण्याजोगं पहिलं यंत्र दाखवलं. १९८१ मध्ये कोलंबिया अंतराळयान पहिली फेरी संपवून कॅलिफोर्नियात विमानासारखं उतरलं. २००३ मध्ये मानवी जनुकसंचाचा आराखडा पूर्ण झाल्याची घोषणा झाली, काही कठीण जागा सोडून. त्या जागा २०२२ मध्ये भरल्या गेल्या.

वाढदिवसांची यादी मोठी आहे, नटनट्यांची तर फारच. त्यातली गायिका लोरेटा लिन हिचं नाव वडीलधाऱ्यांना माहीत असेल. केंटकीच्या कोळसा खाणकामगाराची ही मुलगी अनेक वर्षं आपला जन्म १९३५ चा सांगत राहिली, कागदपत्रांत तो १९३२ निघाला. बेसबॉलच्या वेड्यांसाठी पीट रोझ आहे, १९४१ चा, ४२५६ फटक्यांचा विक्रम करणारा आणि जुगारापायी खेळातून हद्दपार झालेला. पण तुमच्या कामाची नावं दोनच.

पहिलं ॲन सलिव्हन, १४ एप्रिल १८६६, मॅसॅच्युसेट्स. गरीब आयरिश स्थलांतरितांची मुलगी. लहानपणी खुपऱ्यांनी दृष्टी जवळजवळ गेली, आई वारली, बापाने सोडलं. दहाव्या वर्षी धाकट्या भावासह तिची रवानगी ट्यूक्सबरीच्या सरकारी अनाथ-दरिद्री आश्रमात झाली. भाऊ तिथेच काही महिन्यांत मेला. तपासणीला मोठे अधिकारी आले, तेव्हा ही मुलगी त्यांच्या घोळक्यामागे धावत ओरडली की मला शाळेत जायचंय. चौदाव्या वर्षी ती बॉस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत पोचली, तेव्हा तिला स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं. सहा वर्षांत ती वर्गात पहिली येऊन बाहेर पडली. १८८७ च्या मार्चमध्ये, एकविसावं वर्ष पूर्ण व्हायच्या आधी, अलाबामात सहा वर्षांच्या अंध आणि बहिऱ्या हेलन केलरला शिकवायला ती गेली. एप्रिलमध्ये पंपाच्या पाण्याखाली हात धरून तळव्यावर अक्षरं लिहिण्याचा प्रसंग मुलांना ठाऊक असतो. तिथपर्यंत पोचायला शिकवणारीने काय सोसलं होतं, ते ठाऊक नसतं. ज्या जयंतीला आपण ‘शिका’ हा शब्द पहिला उच्चारतो, त्या दिवशी आश्रमात अधिकाऱ्यांमागे धावणारी ही मुलगी हवीच.

दुसरं नाव टॉमस शेलिंग, १९२१, ओकलंड. अर्थशास्त्राचं नोबेल २००५ मध्ये. १९७० च्या सुमारास त्याने पटावर दोन प्रकारची नाणी मांडून दाखवलं की माणसांच्या मनात कडवा द्वेष नसला, आपल्यासारखे थोडे शेजारी असावेत एवढीच माफक इच्छा असली, तरी प्रत्येक जण थोडंथोडं सरकत गेला की वस्त्या पार वेगळ्या होतात. शिकागोच्या गोऱ्या आणि काळ्या वस्त्या मुलं गाडीतून रोज बघतात. आपल्या गावांतला गावकुसाबाहेरचा वाडा असा आपसूक झालेला नव्हता, तो नियमाने आणि धाकाने बाहेर ठेवलेला होता, हा फरक मोठ्या मुलांना समजावून सांगा. खेळ सोपा आहे. बुद्धिबळाचा पट घ्या, वीस पेनी (एक सेंटची नाणी) आणि वीस डाइम (दहा सेंटची) कशाही विखरून ठेवा, बाकीची घरं रिकामी. नियम एवढाच की लगतच्या घरांतल्या नाण्यांपैकी निदान एक तृतीयांश आपल्यासारखी नसतील, तर त्या नाण्याने सोयीच्या रिकाम्या घरात जायचं. पाच-सात मिनिटांत पट कसा दिसू लागतो ते मुलांना स्वतः पाहू द्या. दोन पट न्या, म्हणजे सगळ्यांचे हात लागतील.